एकच टायर गेलाय, मग एकच घ्यायचा की जोडी?

टायरच्या दुकानात गेलात की साधारण दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणतो साहेब आता चारही टाकून घ्या, दुसरा म्हणतो काही होत नाही हो एकच टाकू, आणि दोघांपैकी कोणीही बाकीच्या टायरकडे वाकून बघितलेलं नसतं. खरं तर उत्तर त्या गेलेल्या टायरमध्ये नसतंच, ते त्याच्या जोडीदारात असतं. पुढचा डावा गेला असेल तर पुढच्या उजव्याला ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारं खाचांचं रबर, किती उरलाय ते आधी बघायचं, मागचा गेला असेल तर मागचा दुसरा बघायचा. एका एक्सलवरचे, म्हणजे पुढचे दोन किंवा मागचे दोन टायर, एकमेकांच्या जवळपास असले पाहिजेत, सगळा हिशोब या एका गोष्टीभोवती फिरतो आणि तो हिशोब तुम्ही घरी पार्किंगमध्ये दहा मिनिटात करू शकता, दुकानात जायच्या आधीच.

त्याच्याही आधी टायर खरंच गेलाय का ते बघा. ट्रेडच्या मधल्या भागात खिळा किंवा स्क्रू घुसला असेल आणि भोक साधारण ६ मिमीपेक्षा मोठं नसेल तर टायर दुरुस्त होतो, तो बदलायची काही गरज नाही, चांगल्या दुकानात आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं ठिगळ) लावून घ्या, तो बाहेरून ठोकलेल्या दोरीपेक्षा जास्त भरवशाचा. पण साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला कट असेल, तिथे फुगा आला असेल, आतली तार किंवा धागे दिसत असतील, किंवा हवा गेलेली असताना गाडी बरंच अंतर तशीच चालवली असेल तर तो टायर संपला. फुगा आलेल्या टायरवर "अजून थोडे दिवस काढू" असं अजिबात करू नका, फुगा म्हणजे आतल्या दोऱ्या तुटल्यात आणि हवा फक्त रबराच्या भरवशावर थांबलीय, हायवेला तो कधी फुटेल याचा नेम नाही.

मोजायचं कसं

ट्रेड डेप्थ गेज नावाचं एक छोटं साधन मिळतं, ऑनलाइन शंभर-दोनशे रुपयात येतं, गाडी असलेल्या प्रत्येकाच्या डॅशबोर्डमध्ये ते असावं असं मला मनापासून वाटतं. ते नसेल तर ओळखीच्या लेथवाल्याकडे व्हर्नियर असतो, त्याच्या मागच्या बाजूला जी बारीक काडी बाहेर येते तिने खोली मोजता येते. नव्या कारच्या टायरला साधारण ७ ते ८ मिमी ट्रेड असतो. खाचांच्या आत अधूनमधून रबराचे छोटे आडवे उंचवटे दिसतील, ते वेअर इंडिकेटर, ते १.६ मिमीवर असतात, ट्रेड घासून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे टायर गोटा झाला. आपल्याकडे कारसाठी कायद्याची मर्यादाही १.६ मिमीच आहे. पण कायद्याचा आकडा हा शेवटचा आकडा आहे, आपल्या पावसात मी ३ मिमीवर आलेला टायर संपत आलेला समजतो, कारण त्या खाचांचं काम पाणी बाजूला ढकलणं हेच आहे आणि खाच उथळ झाली की पाणी टायरखालीच राहतं आणि टायर रस्ता सोडून त्या पाण्यावर तरंगायला लागतो.

प्रत्येक टायरला तीन ठिकाणी मोजा, आतली कड, मधला भाग, बाहेरची कड. पुढच्या चाकांची आतली कड दिसत नाही म्हणून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून ठेवा मग हात जातो, मागच्यासाठी मात्र जमिनीवर वाकावंच लागतं आणि ते करा, कारण बाहेरून नवा वाटणारा टायर आतल्या कडेला तारेपर्यंत घासलेला असू शकतो. सगळे आकडे मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा, स्टेपनीचाही लिहा.

एकटाच का घासला?

टायर कट लागून किंवा खड्ड्यात आपटून गेला असेल तर हा भाग वाचला नाही तरी चालेल. पण तीन टायर बरे आणि एकच गोटा अशी परिस्थिती असेल तर नवा टायर टाकायच्या आधी कारण शोधा, नाहीतर नवासुद्धा त्याच रस्त्याने जाणार.

दोन्ही कडा घासल्या आणि मधला भाग बरा असेल तर हवा कायम कमी होती. फक्त मधला भाग घासला असेल तर हवा जास्त होती. एकच कड घासली असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) किंवा त्यातला कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) गेलाय, आणि ट्रेडवरून हात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं धारदार लागत असेल तर टो (चाकं सरळ पुढे बघण्याऐवजी आत किंवा बाहेर वळलेली असणं) बिघडलाय. मध्येमध्ये खळगे पडल्यासारखी झीज असेल तर शॉकअब किंवा बॅलन्सिंगकडे बघा. एकाच चाकाला जास्त झीज होत असेल तर त्या बाजूचा लोअर आर्म, त्याचे बुश, बॉल जॉइंट हे मेकॅनिककडून हलवून तपासून घ्या, नुसती अलाइनमेंट करून उपयोग नाही, कारण खिळखिळ्या बुशवर केलेली अलाइनमेंट पुढच्या मोठ्या खड्ड्यापर्यंतच टिकते. आपल्याकडे डावं पुढचं चाक जास्त मार खातं, रस्त्याची तुटलेली कड, साइडपट्टी, फुटपाथ सगळं त्याच बाजूला असतं, त्यामुळे ते चाक जरा जास्त नीट तपासा.

आता आकड्यांवरून निर्णय

समजा नवा टायर ८ मिमीचा आहे आणि त्याचा जोडीदार ६ मिमीच्या वर आहे, म्हणजे फरक २ मिमीच्या आत, तर बिनधास्त एकच घ्या, फक्त त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा आणि त्याच साइजचा. फरक २ ते ३ मिमी असेल तर थोडं डोकं लावायचं, स्टेपनी आणि अदलाबदल यातून बऱ्याचदा मार्ग निघतो, तो खाली सांगतो. आणि जोडीदार ५ च्या खाली गेला असेल, त्यातही ४ किंवा ३ वर असेल तर जोडीच घ्या. ही माझी ढोबळ मोजपट्टी आहे, साध्या टू व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद दोनच चाकांना जाणाऱ्या गाडीसाठी.

फरकाने होतं काय ते एकदा आकड्यात बघा. १८५/६५ आर १५ हा आपल्याकडे भरपूर गाड्यांना असणारा साइज. १८५ म्हणजे मिमीमध्ये रुंदी, त्याच्या ६५ टक्के म्हणजे साधारण १२० मिमी साइडवॉलची उंची, आणि १५ इंचाची रिम. सगळं मिळून नव्या टायरचा व्यास साधारण ६२१ मिमी येतो. आता शेजारी ५ मिमी जास्त घासलेला टायर लावला तर त्याचा व्यास १० मिमीने कमी, म्हणजे एका फेरीत तो साधारण ३ सेंटिमीटर कमी अंतर कापतो, आणि नव्याच्या बरोबरीने चालायला त्याला दर किलोमीटरला सुमारे ८ फेऱ्या जास्त माराव्या लागतात. पुणे ते कोल्हापूर सरळ गेलात तरी दीड-दोन हजार जादा फेऱ्या होतात, आणि तेवढा वेळ डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, ज्याचं खरं काम वळणावर असतं, ते सरळ रस्त्यावरही सतत थोडं फिरत राहतं. साध्या गाडीत यामुळे डिफरन्शियल लगेच मोडत नाही, उगाच घाबरवत नाही. खरा धोका ब्रेक मारताना आणि पाण्यात असतो. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की एका बाजूची पकड चांगली आणि दुसऱ्या बाजूची कमी, गाडी एका बाजूला ओढते, आणि पाणी साचलेल्या पट्ट्यात तर एक टायर रस्त्यावर आणि दुसरा पाण्यावर अशी अवस्था होऊ शकते. २०१९ पासून कारना एबीएस सक्तीचं आहे, ते चाक लॉक होऊ देत नाही हे खरं, पण नसलेली पकड ते कुठून आणणार.

ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यातला फरक त्यांना जोडणाऱ्या मधल्या कपलिंगवर येतो, ते तापतं, झिजतं, आणि त्याचा खर्च चार टायरच्या कितीतरी वर जातो. अशी गाडी असेल तर मॅन्युअलमध्ये किती फरक चालतो ते बघा, बहुतेक वेळा चारही जवळपास सारखे ठेवावे लागतात, तिथे जोडीवरही भागत नाही. थारसारख्या पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये रोज टू व्हीलवर चालवताना एवढं अडत नाही, पण फोर व्हील टाकल्यावर पुढचं-मागचं एकत्र बांधलं जातं म्हणून तिथेही फार फरक ठेवू नका.

स्टेपनी विसरू नका

हा सगळ्यात पैसे वाचवणारा भाग. बऱ्याच गाड्यांची स्टेपनी तीन-चार वर्षं डिकीत पडून असते, एकदाही रस्त्याला लागलेली नसते. ती बाकीच्यांच्या साइजची असेल आणि त्याच मॉडेलचा टायर अजून बाजारात मिळत असेल तर एक नवा टायर घेऊन तुमच्याकडे दोन नव्यांची जोडी तयार होते, एका टायरच्या पैशात.

चुलत भावाच्या डिझायरचं उदाहरण देतो. खड्ड्यात आपटून पुढच्या डाव्याला साइडवॉलला कट गेला. मोजलं तर पुढचा उजवा ४.५, मागचे दोन्ही ६, आणि स्टेपनी कोरी, तीही अलॉय चाकांच्याच साइजची. दुकानदार म्हणत होता की पुढे दोन नवे टाका. आम्ही एकच नवा घेतला, तो आणि स्टेपनी अशी जोडी मागे लावली, मागचे दोन ६ वाले पुढे आणले, आणि ४.५ वाला डिकीत स्टेपनी म्हणून टाकला. एक्सलला एक्सल जुळलं, एका टायरचे पैसे वाचले आणि स्टेपनीही बऱ्यापैकी राहिली. कागदावर चार चाकं काढून आकडे टाकून बघा, बऱ्याचदा असा काहीतरी मेळ बसतो, अगदी स्टेपनी कामाची नसली तरी उरलेल्या तिघांपैकी सगळ्यात जास्त ट्रेड असलेला नव्याच्या शेजारी आणि बाकीचे दोन एकत्र असं करता येतं.

पण तीन गोष्टी तपासा. एक म्हणजे वय. साइडवॉलवर डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३२२ असेल तर २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. वापरला नसला तरी रबर कडक होत जातं, टायर कंपन्याही पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करा आणि कितीही चांगला दिसला तरी दहा वर्षांच्या पुढे वापरू नका असं सांगतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाचा विचार करता मी सहा वर्षांच्या स्टेपनीला रोजच्या वापरात आणणार नाही, बारीक चिरा दिसत असतील तर त्याच्याही आधी नाही. दुसरं, अलॉय असलेल्या बऱ्याच गाड्यांना स्टेपनी लहान साइजची दिलेली असते, तिच्यावर ८० च्या वेगमर्यादेचं स्टिकर असतं, ती फक्त पंक्चरवाल्यापर्यंत पोचण्यासाठी, जोडीत धरायची नाही. तिसरं, साइज तोच पण स्टेपनी लोखंडी रिमवर असेल तर टायर काढून अलॉयवर चढवून घ्या, रिम तशीच लावून फिरू नका. काही नव्या गाड्यांना तर स्टेपनीच नसते, २०२० पासून टायर प्रेशर मॉनिटर आणि पंक्चर किट दिलं तर नियमाने तशी मुभा आहे, तेव्हा आपल्या डिकीत काय आहे ते आधी उघडून बघा.

नवी जोडी मागेच लावा

यावर दुकानात हमखास वाद होतो. बहुतेक गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह, पुढचे टायर स्टिअरिंग पण करतात, ओढतात पण आणि ब्रेकचा मोठा भारही तेच घेतात, म्हणून ते लवकर घासतात आणि म्हणून नवे पुढे टाका असं सगळे म्हणतात. ऐकायला पटतं. पण मिशेलिन, ब्रिजस्टोन, कॉन्टिनेंटल या कंपन्या स्वतः सांगतात की दोनच नवे घेत असाल तर ते मागे लावा, ड्राइव्ह पुढची असली तरीही, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

कारण असं आहे. पावसात ताम्हिणी किंवा आंबा घाट उतरताय, वळणावर पाणी वाहतंय. पुढच्या टायरची पकड आधी सुटली तर स्टिअरिंग हलकं लागतं, गाडी वळायच्या ऐवजी सरळ जायला बघते, तुम्ही घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढता, वेग कमी होतो, वजन पुढे येतं आणि पुढची पकड बऱ्याचदा परत मिळते. म्हणजे घाबरून माणूस जे करतो त्यानेच गाडी सावरते. मागच्या टायरची पकड आधी सुटली तर उलटं होतं. आधी काहीच कळत नाही, स्टिअरिंग हातात नेहमीसारखंच असतं, आणि एकदम गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. तेव्हा घाबरून पाय काढला की वजन पुढे जातं, मागचं चाक अजून हलकं होतं आणि गाडी गोल फिरते. तिथून गाडी सावरणं सराव असलेल्या ड्रायव्हरलाही अवघड, घरच्या माणसांना घेऊन गावाला निघालेल्या तुमच्या-माझ्यासारख्याला ते जमणार नाही. ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) असेल तर मदत होते, पण तेही शेवटी चाकांना ब्रेक लावूनच काम करतं, त्यालाही पकड लागतेच.

म्हणून दुकानदाराला स्पष्ट सांगा, नवे मागे, मागचे पुढे. जरा जास्त काम आहे, चारही चाकं काढावी लागतात, त्याचे थोडे जास्त पैसे घेतले तरी द्या. याचा अजून एक फायदा म्हणजे मागचे टायर पुढे येऊन वापरले जातात, मागेच राहून नुसते जुने होत नाहीत, पुढचे संपले की परत एक जोडी घ्यायची, ती मागे, मागची पुढे, असं चक्र चालू राहतं. फक्त पुढे आणायचे टायर स्वतःच ३ मिमीच्या आसपास असतील तर हा मार्ग नाही, तिथे चारही घ्यायचे.

आणि हात अगदी तंग असेल, एकापेक्षा जास्त जमतच नसेल, तर तो एक नवा उरलेल्यांमधल्या सगळ्यात चांगल्या टायरच्या शेजारी, मागच्या एक्सलवर लावा, दुसरा टायर जमेल तसा घ्या आणि तोवर पावसात वेग खाली ठेवा.

घेताना आणि बसवताना

साइज गाडीच्या दारावरच्या स्टिकरवरून घ्या, आधीच्या मालकाने काय बसवलं होतं त्यावरून नाही. साइजनंतर ८८ एच असं काही लिहिलेलं असतं, त्यात ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो भार आणि एच म्हणजे २१० पर्यंतचा वेग, हे आकडे आहेत तेवढे किंवा जास्त घ्या, कमी कधीच नाही. एक्सलवरचे दोन्ही टायर एकाच मॉडेलचे हवेत, तुमचं मॉडेल बंद झालं असेल तर तिथे जोडी घेण्याला पर्याय नाही. दुकानात डॉटचा आकडा स्वतः वाचा, सहा महिन्यांच्या आतला मागा, जोडीतले दोन्ही वेगवेगळ्या वर्षाचे देत असतील तर नको म्हणा. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे दर विचारताना जुन्या बिलाशी तुलना करू नका, आत्ताचे दोन-तीन दुकानांचे दर घ्या. पक्कं बिल घ्या, त्यावर टायरचे सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी क्लेमला तेच लागतात, आणि काही कंपन्या कट किंवा फुग्यासाठीही ठरावीक मुदतीची वॉरंटी देतात, त्यासाठी घेतल्यावर लगेच रजिस्टर करावं लागतं ते विचारून घ्या.

जोडीदार जुना आहे म्हणून सेकंडहँड टायर जुळवायचा मोह होतो, तो टाळा. त्याच्या आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही आणि गोटा टायरला परत खाचा पाडून काळा रंग मारून विकणारेही आहेत. खाच खोल दिसते, पण खाली रबरच उरलेलं नसतं. समृद्धीवर सुरुवातीला टायर फुटून झालेले अपघात आठवा, त्यानंतरच आरटीओने टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात केली. सलग काँक्रीट, १२० ची वेगमर्यादा आणि मेमधलं ऊन, तिथे असला टायर टिकत नाही.

बसवताना नवा व्हॉल्व्ह टाकायला सांगा, पन्नास-शंभर रुपयांचा प्रश्न असतो. साइडवॉलवर बाण असेल तर तो गाडी पुढे जाते त्या दिशेने हवा, एका बाजूला आउटसाइड लिहिलं असेल तर ती बाजू बाहेर, हे बसवणारी पोरं घाईत चुकतात म्हणून उभं राहून बघा. चाकं हललीच आहेत तर चारही बॅलन्स करून घ्या आणि शेवटी अलाइनमेंट, तिची प्रिंट मागा. नट गनने एकदम ताणून बसवतात, त्यापेक्षा चाक जमिनीला टेकवल्यावर पान्याने, समोरासमोरचे असे आळीपाळीने घट्ट करायला सांगा, आणि ५०-१०० किलोमीटर चालल्यावर परत एकदा पाना लावून बघा. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. नव्या टायरवर साच्यातून काढताना लावलेल्या पदार्थाचा पातळ थर असतो, तो जाईपर्यंत पहिले २००-३०० किलोमीटर जरा सांभाळून चालवा, जोरात ब्रेक आणि वळणावरची घाई नको, पावसाळ्यात तर नक्कीच नको.

दर ८-१० हजार किलोमीटरला परत गेज लावून आकडे लिहा, एक चाक बाकीच्यांपेक्षा वेगाने खाली जातंय हे तेव्हाच कळतं. आणि काढलेला टायर बरा असेल तर स्टेपनी करा, नसेल तर दुकानातच सोडा, एक्सचेंजचे थोडे पैसे मिळाले तर घ्या, गच्चीवर नेऊन ठेवू नका, पावसाचं पाणी त्याच्या आत साचतं आणि डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात.